उजनीवर गळाने मासे धरताना: आधी मासा, मग पाणी, मग काठी

उजनीवरून रिकाम्या हाताने परतणारे बहुतेक जण एकाच प्रकारे चुकतात. काठावर मोकळी जागा दिसली की काठी रोवायची, कणकेचा गोळा लावून होईल तितक्या लांब फेकायचा आणि जो लागेल तो मासा आपला म्हणून बसून राहायचं. या जलाशयात कटला, राहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), मरळ, शिंगाळा, वाम आणि चिलापी एवढे मासे गळाला लागतात. पण ते एका थरात राहत नाहीत, एका वेळी खात नाहीत आणि एकच आमिषही घेत नाहीत. सगळ्यांसाठी केलेली तयारी कुणाच्याच कामाची नसते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. महागडी काठी घेऊन क्रम चुकवणाऱ्यापेक्षा साध्या काठीने क्रम पाळणाऱ्याला जास्त मासे मिळतात.

१. निघण्याच्या आधी: परवानगी, हंगाम आणि पातळी

जलाशयातल्या मासेमारीचा हक्क परवान्याने किंवा ठेक्याने दिलेला असतो. हौसेखातर एक गळ टाकायचा असला तरी विचारणं भागच आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा तिथल्या मच्छीमार संस्थेत सध्याचा नियम काय आहे ते विचारा, फी असेल तर भरा आणि पावती खिशात ठेवा. धरणाची भिंत, दरवाजे आणि कालव्याच्या तोंडाजवळ जाऊ नका.

पावसाळ्याच्या सुरुवातीला काठी घरीच राहू द्या. पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटून दौंडचा विसर्ग वाढला, नवं गढूळ पाणी आलं की राहू, कटला, मृगळ अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. अशा वेळी पोटात अंडी असलेली पाच किलोची मादी काढली तर पुढच्या कित्येक वर्षांचे मासे काढले असा अर्थ होतो. बंदीचा काळ कार्यालयात कळेल. तो संपल्यावरही पाणी निवळेपर्यंत थांबा.

आता पातळी. उजनीची एकूण साठवण साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातली जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठ्यात, म्हणजे तळच्या पाण्यात, जाते. बातम्यांमधली टक्केवारी फक्त वरच्या उपयुक्त साठ्याची असते. म्हणून ‘शून्य टक्के’ ऐकून धरण कोरडं पडलं असं समजू नका, आणि ‘वजा ३०’ म्हणजे मासे संपले असंही नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पाणी काठापासून खूप आत गेलं आहे आणि मासा भीमेच्या जुन्या पात्राजवळ गोळा झाला आहे. पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, की पाणी बरंच उतरलं हे गावातला कुणीही सांगतो.

तपासून पाहा: गेल्या आठ दिवसांत पातळी चढते आहे की उतरते आहे? कालव्याचं आवर्तन सुरू असेल तर पाणी रोज थोडंथोडं मागे सरतं आणि मासा काठ सोडतो. चढतं किंवा स्थिर पाणी कधीही बरं.

२. कोणता मासा, ते घरीच ठरवा

एका दिवशी एकच मुख्य मासा ठरवा. फार तर जोडीला दुसरा घ्या, तोही त्याच थरातला.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो वरच्या आणि मधल्या थरात तरंगणारं बारीक खाद्य गाळून खातो. तळाला पडलेला गोळा त्याच्या वाटेतच येत नाही. राहू मधल्या थरापासून तळापर्यंत फिरतो आणि चारा टाकलेला असेल तर तळावर उतरून खातो. त्याचे ओठ झालरीसारखे मऊ असतात. आमिष तो आधी चाखतो आणि संशय आला तर थुंकतो. मृगळ आणि सायप्रिनस तळाचे मासे. सायप्रिनस चिखल उकरतो, त्यामुळे तो खात असतो तिथे बुडबुड्यांची रांग वर येते.

मरळ अगदी निराळी. ती शिकारी आहे, शेवाळात आणि बाभळीच्या बुंध्यांत दबा धरून बसते, आणि हवा घ्यायला तिला अधूनमधून वर यावंच लागतं. उथळ पाण्यात ‘गुडुप्’ असा आवाज होऊन वर्तुळ उमटलं, की मरळ तिथे आहे असं समजा. शिंगाळा आणि वाम अंधार पडल्यावर तळातून खातात, वाम विशेषतः दगडांच्या फटींतून. चिलापी दिवसभर काठाला असते. नवशिक्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी, कारण ओढ ओळखायला तिच्याइतकं चांगलं शिक्षण नाही.

खबरदारी: मरळीच्या भोवती केशरी-लाल पिलांचा पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नका. आई-बाप पिलांची राखण करत असतात. ते गेले की पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

३. वेळ: पहाटच बरी, असं नाही

सगळीकडे पहाटे जायला सांगतात. उजनीवर हा सल्ला अर्धाच खरा आहे. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून इथे येतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवंगार होतं. हे शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच वापरतं. साहजिकच एप्रिल-मे महिन्यांत पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो नेमका उजाडताना. तेव्हा राहू-कटला सुस्त असतो, कधी तर तोंड वर काढून धापा टाकत असतो. ऊन चढून तास-दोन तास झाले की तो खायला लागतो. मरळ हवा घेऊ शकते, म्हणून तिच्यासाठी पहाट चालते.

पावसाळा सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, पहाट आणि संध्याकाळ दोन्ही चांगल्या. डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड असतं, मासा कमी खातो. तेव्हा उन्हं तापल्यावर दहा ते तीन ही वेळ धरा आणि गोळा निम्म्याने लहान करा.

तपासून पाहा: उजाडताना खूप मासे पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत असतील तर ते खात नाहीत, गुदमरताहेत. त्या दिवशी गळ टाकू नका आणि तिथला मेलेला किंवा मरगळलेला मासा खायलाही नेऊ नका.

४. सामान

राहू, मृगळ, सायप्रिनस यांच्यासाठी दहा ते बारा फुटी काठी, चार ते पाच हजार आकाराचं रीळ आणि ०.३५ मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) पुरतो. गळ चार ते सहा नंबरचा. गळाचे नंबर उलटे चालतात: सहा हा चारपेक्षा लहान. पण ‘दोन शून्य’, ‘चार शून्य’ अशा नंबरांत आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. दुकानात इथेच घोळ होतो आणि लोक राहूसाठी शिंगाळ्याचा गळ घेऊन येतात. राहूला लहान गळ हवा, चिलापीला त्याहून लहान, दहा-बारा नंबरचा. शिंगाळ्याला दोन शून्य ते चार शून्य.

मरळीसाठी आखूड आणि ताठ काठी घ्या, सहा-सात फुटी. तिथे विणलेली दोरी लागते, कारण मासा लागताक्षणी बुंध्यात घुसतो आणि तंगूस ताणून वेळ देतो. आमिष म्हणून रबरी बेडूक. जिवंत बेडूक लावू नका. मोठ्या पिवळ्या बेडकाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

शिसं घट्ट बांधण्याऐवजी दोरीवर सरकतं ठेवा. २० ते ४० ग्रॅमचं भोकाचं शिसं दोरीत ओवा, त्याखाली मणी, मग फिरती कडी, आणि कडीपासून एक वितीवर गळ. मासा आमिष उचलतो तेव्हा दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही. बांधलेल्या शिशाचं वजन राहूला लगेच कळतं आणि तो गोळा सोडतो. दिवसभर ‘नुसतं चुटचुट करतोय, लागत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आपलं शिसं कसं बांधलंय ते आधी पाहावं.

एका मोठ्या गोळ्याभोवती पाच-सहा गळ लावण्याची पद्धत सोडून द्या. त्यात मासा तोंडाला कमी आणि डोळ्याला, पोटाला, कल्ल्याला जास्त अडकतो. सुटला तरी जखमेने मरतो.

तपासून पाहा: गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस भाजतो आणि नेमका गाठीवर तुटतो. मग दोरीला ताणकाटा अडकवून ओढा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश जोरावर रिळाचा ड्रॅग (दोरी अडवणारा ब्रेक) सुटायला हवा. हे घरी करा, मासा लागल्यावर नाही.

५. आमिष आणि चारा: दोन वेगळ्या गोष्टी

चारा माशाला जागेवर आणतो, आमिष गळावर. वास दोघांचा सारखा हवा, पण चारा पाण्यात लवकर विरघळला पाहिजे आणि आमिष टिकलं पाहिजे. बरेच जण एकच पीठ दोन्हीकडे वापरतात. मग एक तर चारा दगडासारखा तळाला पडून राहतो, नाही तर आमिष फेकतानाच गळून पडतं.

चाऱ्यासाठी भाताचा कोंडा दोन भाग आणि भाजून कुटलेली शेंगपेंड एक भाग. जलाशयाचंच पाणी शिंपडत मुठीत दाबल्यावर गोळा होईल आणि बोटाने टोचल्यावर फुटेल इतपत ओलं करा. चौघांना पुरेल एवढा करायची गरज नसते, दीड-दोन किलो कोरडा माल एका जागेला दिवसभर पुरतो.

आमिषासाठी कणीक दोन भाग, शेंगपेंडीची चाळलेली पूड एक भाग, भाजलेलं बेसन एक भाग. पाणी अगदी कमी, आणि मळणं दहा मिनिटं भरपूर. चपातीच्या कणकेहून घट्ट व्हायला हवं. शेवटी कापसाचे थोडे तंतू त्यात मळा, म्हणजे गोळा गळावर धरून राहतो. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. हात तंबाखूचे किंवा पेट्रोलचे असतील तर आधी मातीने घासून धुवा.

तपासून पाहा: बादलीत पाणी घेऊन गळाला लावलेला गोळा त्यात सोडा. वीस मिनिटांनी गोळा बाहेरून मऊ आणि आत घट्ट हवा. पाच मिनिटांत विरला तर कणीक वाढवा. अर्ध्या तासाने जसाच्या तसा राहिला तर बेसन वाढवा, कारण वास सुटतच नाही.

कटल्याला मात्र हेच आमिष मऊ हवं: भिजवून पिळलेला पाव, कोंडा आणि बेसन. हा गोळा तळाला नको. तरंगा लावून तीन ते पाच फुटांवर लटकत ठेवा, म्हणजे विरघळणारी धूळ त्याच थरात पसरते. चिलापी, वाम आणि शिंगाळ्याला गांडूळ. मोठ्या शिंगाळ्यासाठी कोंबडीची काळीजपेटी दोऱ्याने गळाला बांधा, नाही तर फेकताना निघून जाते.

६. जागा शोधणं

या टप्प्यावर अर्धा तास द्या. चांगल्या जागी साधं आमिष चालतं, वाईट जागी काहीच चालत नाही.

गळ न लावता नुसतं शिसं फेका. ते पाण्याला लागल्यापासून दोरी सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजा. काठाजवळ, जिथली खोली तुम्हाला माहीत आहे, तिथे हाच आकडा आधी मोजून ठेवलेला असला की खोलीचा अंदाज येतो. मग काठी बाजूला धरून शिसं हळू ओढा. बोटावर येणारी दोरी तळाची माहिती देते. मऊ, चिकट ओढ असेल आणि शिसं सुटायला झटका लागत असेल तर गाळ. टकटक लागलं तर दगड किंवा बुडालेला बांध. गुळगुळीत सरकून मध्येच जड झालं तर उतार संपून पुन्हा चढ लागला. उजनीच्या पोटात जुनी शेतं, बांध, विहिरी, रस्ते आहेत. बांधाच्या कडेला, जिथे कठीण तळ संपून गाळ सुरू होतो, तिथे राहू आणि सायप्रिनस हमखास फिरतात. जाड गाळात गोळा बुडून दिसेनासा होतो, तिथे बसू नका.

धरण भरलेलं असताना लांब फेकण्याचा हव्यास ठेवू नका. नुकतंच बुडालेलं गवत आणि वेड्या बाभळींची रांग काठापासून पंधरा-वीस पावलांवर असते आणि मासा तिथेच चरतो. लांब फेक लागते ती उन्हाळ्यात.

खबरदारी: उतरलेल्या पाण्यामागे उघडी पडलेली जमीन वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते आणि आत कमरेएवढा गाळ असतो. जिथे गाळपेर झाली आहे किंवा जनावरांच्या पावलांचे ताजे ठसे आहेत तिथूनच जा, आणि पुढे काठी टोचत जा.

खबरदारी: काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबली पसरलेल्या असतात, काही ठिकाणी जोड उघडे असतात. केबलीवर पाय देऊ नका, त्यांच्या आसपास पाण्यात उतरू नका. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. वरून तार जात असेल तर त्या जागेवर काठी उभीसुद्धा करू नका.

७. चारा टाकून गळ टाकणं

जागा ठरली की समोरच्या काठावरचं एखादं झाड किंवा खांब खूण म्हणून धरा आणि दोरीला रिळाजवळ रंगीत दोऱ्याची गाठ मारा. यापुढे प्रत्येक फेक त्याच दिशेला, त्याच अंतरावर. चारा एकीकडे आणि गळ दुसरीकडे, ही उजनीवर सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

सुरुवातीला संत्र्याएवढे पाच-सहा गोळे टाका. मग वीस मिनिटं काहीही फेकू नका. नंतर गळ टाका, शिसं तळाला लागल्यावर दोरीतली सैल काढून घ्या, काठी स्टँडवर ठेवा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी आमिष बदला आणि लिंबाएवढा चाऱ्याचा एक गोळा टाका. मासा लागल्यावर दोन गोळे. एकदम सगळा चारा ओतला तर मासा पोटभर खाऊन निघून जातो आणि चिलापीची झुंड तेवढी उरते.

चिलापी फारच आमिष खात असेल तर गोळा सुपारीएवढा मोठा आणि जास्त घट्ट करा. तरीही थांबली नाही तर दहा पावलं खोल पाण्याकडे सरका.

८. ओढ ओळखणं आणि मासा दमवणं

राहू काठीचं टोक दोनदा हलवतो, थांबतो, मग सलग ओढतो. पहिल्या हालचालीला झटका द्यायचा नाही. सलग ओढ आली की काठी उचला, मनगटाने, खांद्याने नाही. जोरात हिसका दिला तर मऊ ओठ फाटतो. सायप्रिनस गोळा घेऊन सरळ चालू लागतो, त्याला झटक्याची गरजच नसते. कटल्याचा तरंगा हळूहळू तिरका होत बुडतो. चिलापी टुकटुक करते, तिला लगेच उचलावं लागतं. मरळ बेडकावर फटका मारते तेव्हा पाणी उडतं आणि सगळे तिथेच झटका देतात. दोन मोजा, दोरी सरकताना दिसू द्या, मग पूर्ण ताकदीने.

मोठा मासा लागल्यावर काठी उंच धरा आणि त्याला जाऊ द्या. तो पळत असताना रीळ फिरवू नका, दोरीला पीळ पडण्यापलीकडे त्यातून काही होत नाही. तो थांबला की काठी उचलून त्याला जवळ आणा, काठी खाली नेताना रीळ फिरवा. मरळीच्या बाबतीत उलट: पहिल्या पाच सेकंदांत तिला बुंध्यापासून दूर खेचलं नाही तर ती गेलीच.

काठाजवळ आल्यावर मासा माणूस पाहून शेवटची धाव घेतो. सर्वांत जास्त मासे इथे सुटतात. ड्रॅग थोडा सैल करा, हातजाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरा आणि मासा डोक्याकडून तिच्यावर आणा. जाळीने माशाचा पाठलाग करू नका, दोरीला हात घालून वर ओढू नका.

९. मासा हाताळणं

शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे करवतीसारखा काटा असतो. काटे ताठ असताना हात लावू नका, जाडं फडकं टाकून मागून धरा. काटा लागलाच तर रक्त वाहू द्या, स्वच्छ पाण्याने धुवा, आणि सूज चढली तर दवाखाना गाठा. मरळीच्या तोंडात बोट घालू नका, गळ चिमट्यानेच काढा.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, तापलेल्या दगडावर ठेवू नका, गळ खोल गिळला असेल तर उपटण्याऐवजी दोरी तोंडाजवळ कापा. अंड्यांनी फुगलेली मादी आणि अर्ध्या किलोच्या आतला राहू-कटला सोडून द्या. महसीर क्वचित लागला तर तोही. याउलट विदेशी मांगूर आणि काटेरी पाठीचा सकर मासा, ज्याला काही ठिकाणी हेलिकॉप्टर म्हणतात, तो पाण्यात परत टाकू नका. दोन्ही देशी माशांच्या मुळावर आले आहेत.

खायला न्यायचा मासा लगेच मारा, आतडी आणि पोटातली चरबी काढून टाका, बर्फावर ठेवा. पोत्यात घालून उन्हात ठेवलेला मासा घरी पोचेपर्यंत खराब झालेला असतो.

१०. आवरताना आणि वाऱ्याचं

एप्रिल-मे-जूनमध्ये दुपारनंतर वळीव येतो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. इथलं पाणी कित्येक किलोमीटर उघडं आहे, वारा सुटला की दहा मिनिटांत लाटा उठतात. लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नका. आभाळ काळं भरून आलं, वारा अचानक पडला, की काठ्या आडव्या करा आणि झाडाखाली न थांबता गाडी गाठा.

तुटलेला तंगूस गोळा करून घरी न्या. हिवाळ्यात इथे रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर पाणपक्षी हजारोंनी उतरतात, काठावर पडलेला तंगूस त्यांच्या पायात अडकतो आणि पक्षी तडफडून मरतो. लहान तुकडे करून बाटलीत भरा. जाळायचा तर मुळीच नाही.

वहीत चार गोष्टी टिपा: पातळीची टक्केवारी आणि ती चढती होती की उतरती, जागेची खूण, किती आकड्यांवर तळ लागला, आणि कोणत्या वेळी कोणता मासा लागला. पुढच्या वेळी मासा ठरवताना ही वही आधी उघडा.